पहिलीचं इंग्रजी, मी आणि आग्नेलची शेळी

तुळिंज, नालासोपारा (पूर्व)
विसर्जनानंतरचा रविवार, सन २०००

ती. सौ. मनोरमाअक्का हिस,

सदूचा साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार कागदावरचाच समज. प्रत्यक्ष घालायची सध्या सोय नाही, कारण कंबर धरली आहे. ती कशाने धरली हे ओघाने येईलच.) भावोजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं हे वाचून फार बरं वाटलं. आता त्यांना दूरचंही स्वच्छ दिसू लागलं असेल, तेव्हा लोणच्याची बरणी शक्य तितक्या वरच्या फळीवर हलव. तुझी साखर काय म्हणते? गौरीच्या दिवसांत तू पुरणपोळीकडे नुसती बघत बसली असशील यावर माझा काडीचा विश्वास नाही. इकडे स्वप्ना आणि मी, उभयता खुशाल आहोत. त्यातही मी उभा असताना जास्त खुशाल असतो आणि बसलो की कमी.

यंदा गणपतीला देवरूखला आलो नाही म्हणून तू रागावली आहेस असं चंदूच्या बोलण्यावरून कळलं. रागाव, पण आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. माझ्यावर जे गुदरलं ते ऐकलंस तर राग तर जाईलच, वर माझ्या नावाने एखादा नारळही फोडशील.

तूही प्राथमिक शिक्षिका आणि मीही प्राथमिक शिक्षक, तेव्हा यंदा जूनपासून मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी आलं हे तुला मी काय सांगणार! आपल्या वेळी ते पाचवीत यायचं, आणि माझ्या बाबतीत तर आलं तसं निघूनही गेलं. मॅट्रिकला मी इंग्रजीत जेमतेम सुटलो तेव्हा अण्णांनी आळीभर पेढे वाटले, ते मी पास झालो म्हणून नव्हे, तर आता हा विषय पुन्हा आपल्या घराची पायरी चढणार नाही म्हणून. तेव्हापासून माझा आणि इंग्रजीचा संबंध औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीपुरता. ती बया आता माझे केस पांढरे झाल्यावर मागच्या दाराने, तेही थेट पहिलीच्या वर्गातून, आत शिरली. आणि आमच्या गास गावातल्या शाळेत पहिलीचा वर्ग कोणाकडे? माझ्याकडे.

ऑगस्टात हुकूम आला की पहिलीच्या सगळ्या शिक्षकांनी वसईला इंग्रजी अध्यापनाच्या प्रशिक्षणाला हजर राहायचं. तेवढ्यावर भागलं असतं, पण आमच्या एका सहकाऱ्याने (नाव लिहीत नाही; तो भावोजींच्या कुठल्यातरी चुलतभावाचा व्याही निघायचा) मला बाजूला घेऊन सांगितलं, की प्रशिक्षणाच्या शेवटी साहेबांसमोर इंग्रजीतून पाठ घ्यावा लागतो आणि ज्याचा पाठ पडेल त्याची बदली थेट जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात. हे त्याने इतक्या थंड डोक्याने सांगितलं की मला ते सरकारी वाटलं. अक्का, डोंगराला माझी ना नाही. पण स्वप्नाची नोकरी सातिवलीच्या कारखान्याच्या ऑफिसात, घर आत्ता कुठे आपलं झालेलं, आणि मी तिकडे खोलीत एकटा वरणभात शिजवणार. (मला वरण येत नाही. भातही अंदाजानेच.) त्या संध्याकाळी मला ताप भरला. स्वप्ना म्हणाली, "हा ताप इंग्रजीचा आहे, क्रोसिनने उतरायचा नाही." पण डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणायलाही तिने साफ नकार दिला.

तर गेलो. शिकवायला व्हेरोनिका मॅडम होत्या. वयाने आपल्या चंदूच्या मोठ्या मुलीएवढ्या, साडी नीटनेटकी, चेहरा हसरा, आणि तोंडात मराठीचा एक शब्द नाही. (त्या इथल्याच, निर्मळच्या. मराठी आपल्यापेक्षा बरं बोलतात हे आम्हांला फार उशिरा कळलं.) पहिलंच काम म्हणजे प्रत्येकाने उभं राहून आपलं नाव आणि आपल्याला काय आवडतं ते सांगायचं. माझी पाळी येईपर्यंत मी मनातल्या मनात ती दोन वाक्यं इतकी घोटली की त्यांचा रस्सा झाला. उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "माय नेम इज मँगो. आय लाइक सदानंद." सगळं सभागृह हसत सुटलं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "वुई ऑल लाइक सदानंद," म्हणाल्या आणि पुढे गेल्या. त्या दिवसापासून वसई तालुक्यातला निम्मा शिक्षकवर्ग मला मँगो गुरुजी म्हणतो. परवा बाजारात एकाने तशी हाक मारली, तर हापूसचा मोसम संपला असताना दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

माझ्या शेजारी आमच्याच शाळेच्या फ्लॉसीबाई बसल्या होत्या. त्या माझ्या शेजारी आहेत म्हणून मला केवढा धीर! नाव फ्लॉसी, आडनाव डाबरे, दर रविवारी चर्चला जातात; म्हटलं यांना इंग्रजी येणारच, मी यांच्या वहीत डोकावलो की झालं. डोकावलो तर त्या माझ्या वहीत डोकावत होत्या. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "सर, माझं नाव ऐकलं की मुंबईचे लोक इंग्रजीतच सुरू होतात. आमच्या घरात देवाशी बोलतात तेपण मराठीत. माझ्या बापाने केळी लावली, आईने तगर आणि मोगरा, इंग्रजी कोण लावणार?" त्या क्षणापासून आम्ही दोघं सख्ख्या भावंडांसारखे झालो. बुडताना सोबतीला कोणी असलं की पाणीही जरा उथळ वाटतं.

त्यात मॅडमनी एक नियम केला. तासाला जो मराठी बोलेल त्याने बेडकासारख्या उड्या मारत वर्गाला फेरी घालायची. अक्का, तुला प्राथमिक शिक्षक ठाऊक आहेत. दहाजण एकत्र आले की पंखासुद्धा ऐकू येत नाही. तिथे खच्चून भरलेल्या वर्गात मसणवट्यासारखी शांतता पसरली. शिपाई चहा घेऊन आला, एका गुरुजींच्या कपात माशी पडलेली. बिचारे उठले, कप त्याच्यापुढे धरला आणि बराच वेळ विचार करून म्हणाले, "फ्लाय... टी... स्विमिंग." शिपाई म्हणाला, "माशी पडली होय? मग तसं सांगा की," आणि कप बदलून आणला. बेडूक व्हायची भीती त्याला नव्हती, म्हणून आख्ख्या वर्गात तेवढा एकच माणूस मोकळेपणाने जगत होता.

आता कंबरेकडे वळतो. मुलांना भाषा शिकवायची तर आधी आज्ञा द्यायच्या, मुलांनी नुसती कृती करायची, बोलायची घाई नाही, अशी मॅडमची पद्धत. ही पद्धत चांगली आहे, मी नाव ठेवत नाही. पण ती आमच्यावर करून दाखवली. स्टँड अप झालं, सिट डाऊन झालं, टर्न अराऊंड झालं. मग मॅडम म्हणाल्या, नाकाला हात लावा. मला ऐकू आलं, पायाच्या बोटांना लावा. (नोज आणि टोज यांत असा कितीसा फरक आहे, तूच सांग.) मी वाकलो. बोटांपर्यंत पोचलोसुद्धा, याचा मला आजही अभिमान आहे, पण परत येता येईना. कंबरेत काहीतरी कट्‌ वाजलं आणि मी तिथेच राहिलो. ओरडावं तर मराठीतच ओरडणार, आणि मराठीत ओरडलो तर त्या अवस्थेत बेडूक! म्हणून गप्प राहिलो. मॅडमना वाटलं मी उत्साहाने धरून ठेवलंय. "एक्सलंट, सर!" म्हणाल्या. शेवटी फ्लॉसीबाईंनीच सगळे नियम धाब्यावर बसवले. "अहो, सर अडकलेत!" असं ओरडून त्यांनी मला रिक्षात घातलं. मागाहून त्यांनी माझ्यापायी बेडूक होऊन फेरी घातली हे कळलं, तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी बाकावर बसता येत नव्हतं म्हणून मी मागे भिंतीला टेकून उभा होतो, आणि उभा माणूस नजरेत भरतो. मॅडम आल्या आणि त्यांनी इंग्रजीही सोडून दिलं. भलत्याच भाषेत बोलायला लागल्या. (तमिळ. त्या मद्रासला शिकायला होत्या.) सगळा तास त्याच भाषेत. बोट माझ्याकडे केलं, गोड हसल्या, काहीतरी करायला सांगितलं. मी नुसता बघत राहिलो. पुन्हा तेच सांगितलं, तेवढ्याच गोड आवाजात. पुढच्या रांगेतल्या दोघांना काहीतरी अंदाज आला असावा, ते हसले. अक्का, थट्टा नाही करत, मला रडू यायच्या बेतात होतं. पन्नाशीला आलेला माणूस मी, आणि मला एकच वाटत होतं की घंटा व्हावी आणि घरी जावं. मग मॅडम पहिल्यांदाच मराठीत बोलल्या. म्हणाल्या, "तुमच्या वर्गातल्या मुलाला जूनमध्ये असं वाटतं. एवढंच आठवणीत ठेवा, बाकी पुस्तकात आहे." माझ्या डोळ्यांपुढे आमच्या वर्गातली ॲनिशा आली.

ॲनिशा ही आग्नेलची मुलगी. आग्नेल म्हणजे शाळेला लागून ज्याची वाडी आहे तो शेतकरी. ही पोर जूनपासून शाळेत रोज येत होती, पाटीवर सुबक अक्षर काढत होती, पण तोंडातून चकार शब्द नाही. पहिल्याच आठवड्यात तिने "पानी पायजे" म्हणून मागितलं, त्यावर नव्या बिल्डिंगमधली दोन-तीन पोरं "पानी, पानी" करत हसली. मी त्यांना दटावलं, पण तिचं तोंड मिटलं ते मिटलंच. मी तिला लाडीगोडी लावली, गोष्टी सांगितल्या, फ्लॉसीबाई तिच्याशी घरच्या बोलीत बोलून बघायच्या. ती नुसती मोठ्या डोळ्यांनी बघायची. त्या तमिळ तासाला मी भिंतीशी उभा होतो ना, अगदी तसंच.

यानंतर चिठ्ठ्या टाकल्या आणि शेवटच्या दिवशीच्या पाठाला नाव निघालं ते माझं. पाठ आमच्याच शाळेत, माझ्याच वर्गावर. विस्तार अधिकारी साहेब, मॅडम आणि झाडून सगळे शिक्षक मागे बसून बघणार. मी घरी तालीम सुरू केली. स्वप्ना म्हणजे वर्ग. मी म्हणायचं, कम हिअर, सिट डाऊन, स्टँड अप, गो आऊट, आणि तिने मुकाट्याने ते करायचं. (एरवी मराठीतून सांगून यातलं काहीही होत नाही. इंग्रजीचा तेवढा एक फायदा मी कबूल करतो.) आमच्या भिंती पातळ. दुसऱ्या दिवशी मी भाजी आणायला खाली उतरलेला बघून समोरच्या ब्लॉकमधल्या काकू घरी आल्या, दार लावून घेतलं आणि स्वप्नाचा हात हातात धरून म्हणाल्या, "बाई गं, काही बोलू नकोस, मला सगळं ऐकू येतं. एवढा शिकलेला माणूस, आणि बायकोला असं उठाबशा काढायला लावतो? चार दिवस आमच्याकडे येऊन राहा." स्वप्नाने त्यांना खरं काय ते सांगितलं, पण हसत हसत सांगितलं, म्हणून त्यांना ती दुःख लपवते आहे असं वाटलं. अजून त्या जिन्यात माझ्याशी बोलत नाहीत.

पाठाचा दिवस उजाडला. मी टेबलावर खरी केळी मांडली होती, आग्नेलच्याच वाडीतली, शिवाय चित्रांची कार्डं. साहेब आले, चष्मा पुसून बसले. कंबरेला पट्टा आवळलेला असल्याने मी ताठ उभा होतो, त्यामुळे लांबून मी आत्मविश्वासू दिसत असणार. सुरुवात बरी झाली. मुलं उठली, बसली. मी केळं उचललं आणि म्हणालो, "धिस इज अ बनाना." इतक्यात दारातून आग्नेलची शेळी आत आली.

दोरी तोडून आली होती. तिने एकवार वर्गाकडे पाहिलं, मग साहेबांकडे, आणि सरळ टेबलाशी येऊन केळ्यांना तोंड लावलं. मी "हाड्‌!" म्हणायला तोंड उघडलं आणि आठवलं की मराठी बोलायचं नाही. आता शेळीला इंग्रजीतून काय म्हणतात? हाताशी जे होतं तेच बाहेर पडलं. "सिट डाऊन!" मी ओरडलो. वर्गातली सगळी मुलं टपाटप बसली, शेळी मात्र उभीच. "स्टँड अप!" मुलं उठली. शेळीने केळ्यावरून मोर्चा कार्डांकडे वळवला आणि हत्तीचा अर्धा भाग खाल्ला. मला मोखाड्याचा डोंगर स्पष्ट दिसू लागला. "गो आऊट!" मी जिवाच्या आकांताने ओरडलो, आणि मुलांना काय झालं कोणास ठाऊक, हसून लोटपोट होत सगळी ओरडायला लागली, गो आऊट, गो आऊट! नव्या बिल्डिंगमधली आणि गावातली, सगळी एका सुरात. त्या शब्दांत कोणाचाच उच्चार घरचा नव्हता, त्यामुळे कोणी कोणाला हसायचा प्रश्नच नव्हता.

आणि खिडकीजवळची ॲनिशा उठली. कोणाकडे न बघता शांतपणे चालत टेबलाशी आली, शेळीचा कान धरला आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "कम." शेळी वळली. "कम हिअर. गो आऊट." शेळी तिच्यामागे गुमान दारापर्यंत गेली. दारात ॲनिशा थांबली, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "सर, तिला पानी पायजे."

कोणी हसलं नाही. मी म्हणालो, "पाज, बाळ." हे मी मराठीत बोललो, अक्का, साहेबांच्या समोर, आणि मला त्याचं भानही नव्हतं. मागे बघतो तर फ्लॉसीबाई पदराने डोळे टिपत होत्या.

पाठ संपला. साहेब उठून माझ्याकडे आले. मी मनाने सामान बांधायला घेतलं होतं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "गुरुजी, जिवंत शैक्षणिक साधन वापरणारा शिक्षक मी आजवर बघितला नव्हता. शेळीची कल्पना कोणाची?" मी तोंड उघडायच्या आत फ्लॉसीबाई म्हणाल्या, "सरांचीच, साहेब! किती दिवस तयारी चालली होती!" मी नम्रपणे वाकलो. (पट्ट्यामुळे फारसं वाकता आलं नाही.) मग धीर करून विचारलं, "साहेब, ज्यांचा पाठ चांगला होत नाही त्यांची बदली..." साहेब गोंधळून म्हणाले, "कसली बदली? हे प्रशिक्षण आहे हो, परीक्षा नाही. यात कोणी नापास होत नसतं." अक्का, महिनाभर छातीवर ठेवलेला पाटा कोणीतरी अलगद उचलावा तसं झालं. त्या सहकाऱ्याला शोधत होतो, पण तो त्या दिवशी रजेवर होता.

तेवढ्यात आग्नेल हातातली तुटकी दोरी लपवत, ओरडा खायच्या तयारीने आला. फ्लॉसीबाईंनी त्याला सांगितलं की तुझी पोरगी आज वर्गात बोलली, तेही इंग्रजी. त्याला खरंच वाटेना. "काय बोलली?" "शेळीला बाहेर काढलं." तेव्हा तो मोकळेपणाने हसला. "घरी ती सगळ्यांनाच बाहेर काढते, बाय. माझ्या आईलासुद्धा." दुसऱ्या दिवशी त्याने शाळेत केळ्यांचा घड आणून ठेवला. आणि ॲनिशाचं म्हणशील तर आता तिला गप्प कसं करायचं यासाठी वेगळं प्रशिक्षण लागेल. दिवसभर बोलते, आपल्या बोलीत बोलते, आणि त्या बिल्डिंगवाल्या पोरांना शेळीबद्दल माहिती हवी असते म्हणून तीही निमूट ऐकून घेतात.

असा सगळा प्रकार. त्या दिवसापासून मला शांत झोप लागते, अन्न गोड लागतं, आणि औषधाच्या बाटल्यांकडे मी डोळ्याला डोळा भिडवून बघतो. भावोजींना नमस्कार, चंदूच्या मुलांना आशीर्वाद. कंबर सुटली की दिवाळीला येतोच. तोवर माझ्या वाटणीच्या करंज्या कोणाला देऊ नकोस.

तुझा धाकटा,
सदू

ता. क. – खरं तर हे पत्र मी वेगळ्याच कारणासाठी लिहायला घेतलं होतं. तुमच्या तालुक्यातही पुढच्या महिन्यात हेच प्रशिक्षण आहे, आणि त्याच्या धास्तीने तू मुदतीआधीच निवृत्ती घ्यायचं मनात आणलं आहेस, हे भावोजींनी मला फोनवर हळूच सांगितलं. (त्यांच्यावर रागावू नकोस. दुसरा डोळा अजून व्हायचा आहे.) अक्का, असं करू नकोस. मला पाटीवर पहिलं अक्षर तू गिरवून दिलंस, आणि मी ते चुकवलं तेव्हा तू हसली नाहीस. हे ज्याला जमतं त्याला बाकीचं चार दिवसांत शिकवता येतं, हे मी आता अधिकाराने सांगू शकतो. तू जा. फक्त वाकायला सांगितलं तर आधी नीट ऐकून घे.

ता. क. २ – वर 'अधिकाराने' लिहिलं आहे खरं, पण स्वप्नाने पत्र वाचलं आणि म्हणाली की उरलेलंही लिहा. तर झालं असं, की निरोपाच्या दिवशी व्हेरोनिका मॅडमनी मला इंग्रजीत काहीतरी लांबलचक विचारलं. मला एक अक्षर कळलं नाही. त्या हसत होत्या म्हणून मीही हसून "येस मॅडम, व्हाय नॉट" म्हणालो. काल हुकूम आला आहे. पुढच्या तुकडीला इंग्रजी शिकवायला तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून माझी नेमणूक झाली आहे. तेव्हा अक्का, आता तरी निवृत्तीचं मनातून काढून टाक. तू घरी बसलीस तर इंग्रजी न येणारा इंग्रजीचा शिक्षक म्हणून आपल्या घराण्यात मी एकटाच उरेन.